करंगळी वाकायच्या आधी : डॉ. वसंत खानोलकर आणि कुष्ठरोगाच्या लसीची विसरलेली गोष्ट

आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये दरवर्षी कुष्ठरोग शोधमोहीम येते. आशाताई आणि सोबत एक पुरुष स्वयंसेवक घरोघरी येतात. "अंगावर कुठे फिकट चट्टा आहे का? बधिर जागा आहे का?" असं विचारतात, दारावर खडूने खूण करतात आणि पुढच्या घरी जातात. आपण काय करतो? दारातूनच "आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणून त्यांना वाटेला लावतो. मीही लावायचो. माझ्या मामांचं झालं तेव्हापासून लावत नाही.

मामा शेतकरी. पाठीवर तळहाताएवढा फिकट चट्टा होता. आम्ही विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "दुखस नही, मंग काय?" एका खाजगी डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं. आठ-नऊ महिने मलमच चालू. मग एका पावसाळ्यात चट्टा अचानक लालबुंद झाला, सुजला, कोपराच्या आतल्या बाजूला कळा यायला लागल्या. कापूस वेचताना करंगळी सरळ होईना. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पाठीकडे नंतर बघितलं, आधी मामांचं कोपर चाचपलं. म्हणाले, "नस दोरीसारखी झालीय. सहा महिने आधी आणायला हवं होतं." मामांचा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा झाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आजही वाकडं आहे.

चट्टा पाठीवर, मग डॉक्टरांनी कोपर का चाचपलं? हा प्रश्न डोक्यात राहिला आणि वाचत गेलो. वाचता वाचता एका मराठी माणसाचं नाव समोर आलं, जे मला तोवर माहीतच नव्हतं. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

कुष्ठरोग म्हटलं की आपल्याला बाबा आमटे आठवतात. अमरावतीचे शिवाजीराव पटवर्धन आठवतात. आठवलेच पाहिजेत. ज्यांना घरच्यांनीही टाकलं होतं, त्यांना या माणसांनी जवळ केलं. पण त्याच काळात मुंबईत काही मराठी माणसं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. हा रोग शरीरात नेमकं करतो काय, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्ट्याचा. शिक्षण लंडन विद्यापीठात. १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. केलं. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. आज पॅथॉलॉजी म्हटलं की आपल्याला रक्त-लघवी तपासणारी लॅब दिसते. मूळ अर्थ मोठा आहे. रोगाने शरीरात काय बदल केला, पेशी कशा बिघडल्या, हे डोळ्याने पाहून सांगणारं ते शास्त्र.

ते परत आले तेव्हा देश इंग्रजांचा होता. मोठ्या वैद्यकीय जागांवर बहुतेक गोरे साहेब. भारतीय डॉक्टरने रोगी तपासावेत, संशोधन बिंशोधन साहेबाने करावं, अशी समजूत. या समजुतीला उत्तर म्हणून मुंबईत १९२६ साली परळला शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं होतं. शिकवणारे सगळे भारतीयच असतील, ही तिथली अट. खानोलकर आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि मग या जी.एस.मध्ये विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

तिथे त्यांनी पहिलं मोठं काम केलं ते तोंडाच्या कर्करोगावर. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ १००० रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९४४ मध्ये छापला. तंबाखू-चुन्याची गोळी दाबणाऱ्या आपल्या देशात ही ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे! पुढे १९४९ मध्ये डॉ. एल. डी. संघवी यांच्यासोबत मुंबईतल्या सहा जातसमूहांचे रक्तगट आणि आनुवंशिक गुण तपासले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. इंग्रजीत या केंद्राच्या नावाची आद्याक्षरं आयसीआरसी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कुष्ठरोगाकडे येऊ.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच शोधला होता. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही, वंशपरंपरेने येणारा शापही नाही, साधा जंतुसंसर्ग आहे, हे तेव्हाच कळलं. तरी इंग्रज सरकारने १८९८ मध्ये कायदा करून रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णांना पकडून कोंडायची सोय केली. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आपल्या विवाहविषयक कायद्यांमधून निघालं ते कधी? २०१९ मध्ये. जंतू सापडल्यावर १४६ वर्षांनी!

डॉक्टरांना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. जंतू एकच, पण दोन माणसांत रोग इतका वेगळा कसा? एकाच्या अंगावर एक-दोन चट्टे, स्पष्ट कडा, बधिर. त्यात जंतू शोधून सापडत नाही. दुसऱ्याच्या अंगभर गाठी, चेहरा जाड, भुवया झडलेल्या, आणि कातडीच्या एका कणात जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे.

याचं उत्तर जंतूत नव्हतं, माणसात होतं. आपल्या शरीराची जी प्रतिकारशक्ती आहे तिचे दोन हात समजा. एक हात रक्तात प्रतिपिंडं सोडतो. दुसरा हात म्हणजे पांढऱ्या पेशी, त्या स्वतः जाऊन जंतू लपलेल्या पेशीला घेरतात. कुष्ठरोगाचा जंतू पेशीच्या आत लपतो, त्यामुळे इथे पहिला हात कुचकामी, दुसराच लागतो. ज्याचा दुसरा हात जोरात चालतो त्याला रोग होतच नाही, झाला तर एक-दोन चट्ट्यांवर भागतं. ज्याचा हा हात या एका जंतूपुरता झोपलेला असतो, त्याच्या अंगभर जंतू पसरतो. बाकी आजारांशी तोच माणूस नीट लढतो. फक्त या जंतूला त्याचं शरीर ओळखत नाही.

हे तपासायची एक युक्ती जपानच्या मित्सुदा यांनी १९१९ मध्ये सांगितली होती. मेलेले जंतू कातडीत टोचायचे. तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ उठली तर दुसरा हात जागा आहे. काहीच उठलं नाही तर झोपलेला. ही चाचणीही लक्षात ठेवा.

खानोलकरांनी काय केलं? बहुतेक संशोधक पुढे गेलेल्या रोगाकडे बघत होते, कारण रुग्ण यायचे तेच मुळी उशिरा. खानोलकरांनी उलटीकडून सुरुवात केली. अगदी नवा, नुकताच उमटलेला, कुणी लक्षही देणार नाही असा फिकट चट्टा घ्यायचा, त्याचा बारीक तुकडा काढायचा आणि काचेवर बघायचा. कातडी वरून जवळपास निरोगी दिसायची. पण कातडीतल्या बारीक नसांमध्ये जंतू आणि सूज आधीच पोचलेली असायची. हा अभ्यास १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वतंत्र अहवाल म्हणून छापला.

त्यातून त्यांनी मांडलं की हा रोग मुळात नसांचा रोग आहे. जंतू कातडीतल्या उघड्या नसटोकांतून आत शिरतो आणि नसेतूनच वर चढत जातो. जंतू नसेच्या नेमक्या कोणत्या भागातून प्रवास करतो याबद्दल पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर त्यांच्या मांडणीत दुरुस्त्या झाल्या. जंतूचा मुख्य मुक्काम नसेभोवती वेटोळं घालणाऱ्या श्वान नावाच्या पेशींमध्ये असतो, हे स्पष्ट झालं. पण कातडीच्या रोगाकडून लक्ष नसेकडे वळवणाऱ्यांत आपले खानोलकर होते, हे पक्कं.

माझ्या मामांच्या पाठीऐवजी डॉक्टरांनी कोपर का चाचपलं, याचं उत्तर मला इथे मिळालं. कोपराच्या मागून करंगळीकडे जाणारी नस जिथे हाडावरून जाते, तिथे ती हाताला सहज लागते. कुष्ठरोगात जाड होणाऱ्या नसांपैकी ती ठळक.

आता १९५८ कडे येऊ. इथे गोष्टीला एक गमतीदार वळण आहे.

कुष्ठरोगाच्या जंतूची एक खोड आहे. तो प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढत नाही. क्षयाचा जंतू वाढतो, पटकीचा वाढतो, हा नाही. आजही नाही. १९६० मध्ये अमेरिकेत शेपर्ड यांनी उंदराच्या पायात थोडा वाढवून दाखवला आणि १९७१ मध्ये आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात तो भरपूर वाढतो हे कळलं. पण जंतू वाढवता येत नाही तोवर लस कशाची करणार?

खानोलकरांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. बापट आणि डॉ. कमल रणदिवे या कामाला लागले. कमलताई पुण्याच्या, पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या तंत्रात तरबेज. पुढे त्यांना पद्मभूषण मिळालं. या तिघांनी गाठी असलेल्या रुग्णांच्या कातडीतले जंतू घेतले आणि मानवी भ्रूणाच्या मज्जारज्जूजवळच्या नसपेशींच्या संगतीत ते वाढतात का हे पाहिलं. कल्पना सरळ होती. जंतूला नस आवडते ना? मग त्याला नसच देऊ. काहीतरी वाढलं! १९५८ मध्ये त्यांनी ते छापलं. या जंतूला नाव पडलं आयसीआरसी बॅसिलस.

जगाने ते मान्य केलं का? नाही. तपासण्या होत गेल्या तसं दिसलं की हा कुष्ठरोगाचा जंतू नव्हे, त्याच्या भाऊबंदांपैकी दुसराच आहे. क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्या मोठ्या कुळात एव्हियम-इंट्रासेल्युलर नावाचा एक गट आहे, त्यातला. जे शोधायला निघाले होते ते हातात आलंच नव्हतं. एखाद्याने ती बाटली फेकून दिली असती आणि विषय संपला असता.

पण बाटली टिकली. खानोलकरांचं केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था झालं, १९६६ मध्ये टाटा मेमोरियल केंद्राचा भाग झालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर गेले. त्याच सुमारास दिल्लीच्या एम्समधून डॉ. माधव देव तिथे आले. तेही विकृतिशास्त्राचेच. त्यांनी जुना प्रश्न फिरवून विचारला. हा कुष्ठरोगाचा जंतू नसेलही, पण शरीराच्या पांढऱ्या पेशींना तो त्याच्यासारखा दिसतो का? चोरच पकडून दाखवायला हवा असं थोडंच आहे? भावाचा फोटो दाखवला तरी ओळख पटू शकते.

१९७९ च्या सुमारास आयसीआरसी जंतू गॅमा किरणांनी मारून त्याची लस तयार झाली. गाठी असलेल्या, मित्सुदा चाचणीत काहीच न उठणाऱ्या रुग्णांना ती टोचली. त्यांच्यातल्या अनेकांत नंतर चाचणीची गाठ उठू लागली. झोपलेला हात हलायला लागला होता. प्रतिकारशास्त्राच्या भाषेत ही फार मोठी गोष्ट आहे.

निरोगी माणसांना ही लस वाचवते का, हे ठरवायला मोठी चाचणी हवी होती. ती तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात झाली आणि तिचं नेतृत्व करणारेही मराठीच, डॉ. मोहन गुप्ते. १९९१ ते ९३ मध्ये सुमारे १ लाख ७१ हजार लोकांना टोचणी झाली. चार लसी आणि एक नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं हे ना त्यांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. मग वर्षानुवर्षं गावोगाव फेरतपासणी. निकाल १९९८ मध्ये छापून आला :

साधी बीसीजी – ३४.१ टक्के संरक्षण
बीसीजी आणि मारलेला कुष्ठजंतू एकत्र – ६४ टक्के
दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी केलेली एमडब्ल्यू लस – २५.७ टक्के
आपली मुंबईची आयसीआरसी – ६५.५ टक्के

चारांत वरचा आकडा मुंबईच्या "चुकलेल्या" जंतूचा.

मग आपल्याला ती लस का टोचली नाही? कारण तोवर परिस्थिती बदलली होती. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. पूर्वी डॅप्सोन नावाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागायची आणि तिलाही जंतू दाद देईनासे झाले होते. एमडीटीने सहा महिन्यांत किंवा वर्षभरात माणूस बरा होऊ लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात दर १० हजारांमागे ५७ च्या आसपास रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये ते एकाच्या खाली आले. "सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं" असं जाहीर झालं. रोगी इतके घटताहेत तर कोट्यवधी निरोगी लोकांना लस टोचायचा खर्च कशाला, असा विचार झाला. सरकारी कार्यक्रमात आयसीआरसी लस कधी आलीच नाही.

त्या निर्णयात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. गोळ्यांनी खरंच लाखो लोक बरे केले, माझे मामाही त्यातलेच. पण त्या "निर्मूलन" शब्दाने घात केला. लोकांना वाटलं रोग संपला. नव्या डॉक्टरांनाही वाटलं. विशेष केंद्रं, विशेष कर्मचारी कमी झाले. आणि आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या भारतात. आपल्या खान्देशातही, सातपुड्याच्या पाड्यांपासून तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यापर्यंत, मोहिमेत नवे रुग्ण निघतातच. म्हणून तर आशाताई दरवर्षी दार वाजवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथवर आला असाल तर एवढं वाचाच.

कुष्ठरोगात हात वाकतो, पाय लुळा पडतो, पापणी मिटत नाही. हे सगळं एकटा जंतू करत नाही. बराचसा घात आपल्याच शरीराची सूज करते. झोपलेली प्रतिकारशक्ती कधी कधी अचानक जागी होते आणि नसेत लपलेल्या जंतूवर तुटून पडते. त्यात जंतू मरतो, पण नसही चिरडते. याला डॉक्टर रिअ‍ॅक्शन म्हणतात. चट्टा एकाएकी लाल होतो, सुजतो, नस ठणकते. ही रिअ‍ॅक्शन गोळ्या सुरू होण्याआधी येऊ शकते, चालू असताना येऊ शकते आणि संपल्यावरही. गोळ्या चालू असताना आली की माणसाला वाटतं औषध बाधलं, आणि तो गोळ्याच सोडून देतो. तिथेच चूक होते. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि सूज उतरवणारी स्टेरॉइडची औषधं डॉक्टरच्या देखरेखीत काही महिने घ्यायची. नस अधू होऊन सहा महिने झाले नसतील, तर ती बऱ्याचदा परत येते. त्यानंतर कठीण.

गाठी असलेल्या रुग्णांत आणखी एका प्रकारची रिअ‍ॅक्शन येते, ताप आणि दुखऱ्या लाल गाठींची. तिच्यावरचं औषध १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांना योगायोगाने सापडलं. बदनाम झालेलं थॅलिडोमाइड. रुग्णाला झोप यावी म्हणून दिलं आणि गाठी बसल्या! हे औषध शरीरातला टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा पदार्थ कमी करतं, हे पुढे १९९१ मध्ये याच रुग्णांच्या अभ्यासातून कळलं. आज संधिवातावर जी महागडी इंजेक्शनं देतात, त्यातली काही याच टीएनएफला अडवतात. ज्या रोग्याला आपण ओट्यावर बसू दिलं नाही, त्याच्या शरीराने सूज म्हणजे काय हे जगाला शिकवलं.

खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक असं त्यांना म्हणतात. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते त्या कोवळ्या फिकट चट्ट्याचं. "दुखत नाही, मग काय" म्हणून आपण ज्याच्याकडे बघत नाही, तिथेच त्यांनी बघितलं. आज धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला शासकीय महाविद्यालय आहे. आपलीच पोरं तिथे शिकताहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने गोरगरिबाच्या पाठीवरचा चट्टा घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसावं, विषय अजून संपलेला नाही.

आणि आपण काय करायचं? फार नाही.

फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, जिथे स्पर्श कमी कळतो, तो सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. गोळ्या सुरू झाल्या की त्या माणसापासून लागण व्हायचा धोका लगेच जवळपास संपतो, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. घरात रुग्ण निघाला तर बाकीच्यांनी तपासून घ्या, त्यांना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. आणि चालू उपचारात चट्टा सुजला, कोपर ठणकलं, बोटं जड वाटली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

यंदा आशाताई आल्या तेव्हा मामांनी स्वतः सदरा वर केला. मग शेजारच्या घरी त्यांच्यासोबत गेले, आपली करंगळी दाखवली आणि म्हणाले, "आते दखाडा, मंग उशीर व्हस."

तुमच्या गावात मोहिमेला लोक दार उघडतात का? खरं काय ते कमेंटमध्ये लिहा. फक्त रुग्णाचं नाव कृपया लिहू नका.

#खान्देश #कुष्ठरोग #डॉखानोलकर